बिघडवलेला आकडा

गुण्याचं पातं लोखंडाच्या ठोकळ्यावर टेकवून विजयश्रीने ठोकळा खिडकीसमोर धरला. डावीकडे पातं आणि लोखंड यांच्यात काहीच फट नव्हती. मध्यापासून प्रकाशाची एक बारीक रेघ सुरू होत होती आणि उजव्या कडेला ती दोन केसांइतकी जाड झाली होती. तिने ठोकळा फिरवला. दुसऱ्या बाजूलाही तेच. कानस चालवणारा हात प्रत्येक फेरीच्या शेवटी खाली झुकत होता.

अकरा दिवसांच्या कामाला हे वाईट नव्हतं. चाळीस दिवसांचं म्हणून मात्र ते कुणाला दाखवण्यासारखं नव्हतं.

"मॅडम, झालं ना?" समोरच्या स्टुलावरून सलोनीने विचारलं. "कॅब खाली उभीये."

"उभी राहू दे."

"वेटिंग लागतं, मॅडम."

विजयश्रीने ठोकळा टेबलावर ठेवला आणि वही पुढे ओढली. ही वही आठ दिवस तिच्या खणात पडून होती. रोज ती उघडायची, दोन पानं वाचायची आणि परत आत टाकायची.

सलोनी ताथवड्याची. याच वर्षी मेकॅनिकल इंजिनिअर झालेली. तिला जर्मनीत पुढचं शिकायला जायचं होतं आणि तिथल्या विद्यापीठाची एक अट होती: विद्यार्थ्याने आठ आठवडे एखाद्या वर्कशॉपमध्ये स्वतःच्या हाताने काम केलेलं हवं. कानस, ड्रिल, लेथ, वेल्डिंग. रोज काय केलं ते वहीत लिहायचं आणि शिकवणाऱ्याने शेवटी सही करायची. वही अपलोड करायची मुदत उद्यापर्यंत होती. सलोनीचे वडील अनंत चाकणच्या एका कंपनीत खरेदी विभागात होते आणि मारुतरावांच्या कुरुळीच्या वर्कशॉपमधून निघणारे बहुतेक ब्रॅकेट त्यांच्याच कंपनीला जात. त्यामुळे अनंतसाहेबांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मारुतराव "पाठवा की" म्हणून मोकळे झाले होते. शिकवायचं विजयश्रीने. ती इथली मालाची तपासणी सांभाळायची.

पहिल्या दिवशी सलोनीने कानशीसोबत फोटो काढला. दुसऱ्या दिवशी विचारलं, "हे मशीनवर नाही का होत?"

"होतं."

"मग हाताने कशाला?"

"मशीन चुकलं तर ते आपल्याला कळावं म्हणून."

हे उत्तर पोरीला पटल्यासारखं वाटलं. त्या आठवड्यात ती चार दिवस आली. पुढे मात्र जर्मनचा क्लास, व्हिसाचे कागद, मैत्रिणीचा साखरपुडा. विजयश्री भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती आल्याची खूण करायची. आठ आठवड्यांत अकरा खुणा झाल्या. वहीत मात्र चाळीस दिवस होते, एकही खाडा नव्हता. वर जर्मन मथळे, खाली इंग्रजी मजकूर, आकृत्या पट्टीने काढलेल्या. एवढी सुबक वही तिने कॉलेजातही कुणाची पाहिली नव्हती.

दारातून मारुतरावांनी डोकं आत घातलं. "ताई, पोरीचं काम उरका वो. सायबांचा सकाळपासनं तिसरा फोन हाय."

"बघते, शेठ."

"बगायचं काय त्यात? सही मारा. जर्मनीतनं कोन येतंय कुरुळीला हजेरी घ्यायला?" स्वतःच्याच बोलण्यावर हसून ते गेले.

सलोनीही हसली. विजयश्रीने पान उलटलं. पंचविसावा दिवस. त्या दिवशी सलोनी आलेली नव्हती. त्याच्या आधीचे चार दिवसही नव्हती. तरी ठोकळ्याचा सपाटपणा रोज मोजल्याची नोंद होती, मिलिमीटरमध्ये: ०.१४, ०.११, ०.०९, ०.१२, ०.०७.

तिचं बोट चौथ्या आकड्यावर थांबलं. आकडे रोज नेमाने उतरत, म्हणजे काम सुधारतच गेलं असतं तर वाचणाऱ्याला तिथेच शंका आली असती. मध्ये एक दिवस काम बिघडलं होतं, मग पुन्हा सुधारलं होतं. शिकणाऱ्याचं असंच होतं. जिने कानस नीट धरली नाही, तिला हे कसं सुचलं?

"सलोनी, हा चौथा आकडा बघ."

सलोनी वाकून बघू लागली. "चुकलाय का?"

"तू आलीच नव्हतीस. सगळेच आकडे मनाचे आहेत, ते मला माहीत आहे. मी विचारतेय की मधला एकच आकडा बिघडवायचा, हे तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच."

"मी?"

"म्हणजे मला नाही, लेथवरच्या ज्ञानेशला सांगत होतात." सलोनीच्या आवाजात टोमणा नव्हता. परीक्षेत येत असलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं तसं ती सांगत होती. "तो मालाच्या गाडीबरोबर पाठवायचा रिपोर्ट भरत होता. पाचही पीसला बारा पॉइंट शून्य एक लिहिलं त्याने. तुम्ही म्हणालात, सगळे सारखे ठेवू नकोस, एखादा इकडेतिकडे असू दे, म्हणजे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. आणि ब्रॅकेट तर तेव्हा मशीनवरच होते, मोजायला उतरलेच नव्हते."

विजयश्रीने आकड्यावरचं बोट उचललं.

"मला वाटलं, इंडस्ट्रीत असंच असतं," सलोनी म्हणाली. "कॉलेजात जर्नल आम्ही असंच लिहायचो. पण हे एक इकडेतिकडे ठेवायचं तिथे नव्हतं कुणाला माहीत. हे भारी होतं, मॅडम."

बाहेर पॉवर प्रेस एका लयीत पडत होता. विजयश्रीला राग आला आणि तो कुणावर काढावा ते कळेना. तिने स्वतः पदार्थविज्ञानात बी.एस्सी. केलं होतं. प्रॅक्टिकलला कॅलिपर हातात घेतला की आधी त्याचीच चूक नोंदवायची, मग वस्तूचं माप, असं सरांनी हाताला वळण लावलं होतं. बारा वर्षांपूर्वी इथे आली तेव्हा ती एकेका गाडीतले वीस वीस पीस मोजायची. मग विसाचे पाच झाले. मग एका पावसाळ्यात मशीन बंद पडलं, माल उशिरा उतरला, गाडी दारात उभी राहिली, आणि मारुतराव म्हणाले, आजच्या दिवस लिहून टाका, माल चांगलाच हाय. माल खरंच चांगला निघाला. पुढच्या वेळीही निघाला. त्यानंतर रिपोर्ट सकाळीच भरून ठेवायची पद्धत पडली. हे थांबवू या, असं शेठना सांगायचं तिने तीन दिवाळ्यांपासून ठरवलं होतं. प्रत्येक वेळी काहीतरी आडवं यायचं: नवीन ऑर्डर, ऑडिट, शेठच्या मुलीचं लग्न. सगळी कारणं खरी होती.

"मॅडम, मग सही?" सलोनीने हळूच विचारलं.

"अगं, तू येत का नव्हतीस?" विजयश्रीचा आवाज तिला हवा होता त्यापेक्षा वर गेला. "चार दिवसांत तुझा हात वळायला लागला होता. अजून पंधरा दिवस आली असतीस, तर हा ठोकळा सरळ झाला असता. खोटं लिहायची गरजच नव्हती तुला."

सलोनीने नखांकडे पाहिलं. "मला कुणी म्हटलंच नाही की यावंच लागेल. पप्पा म्हणाले, बोलणं झालंय."

ज्ञानेश दारात आला. लातूरकडचा, लेथवर काम करणारा. "मॅडम, टेम्पो लागलाय. शेठ रिपोर्ट मागायलेत."

"ब्रॅकेट उतरले?"

"शेवटचे चाळीसेक राहिलेत. तसेच गरम गरम भरायलोत." तो हसला. "रिपोर्ट तर सकाळचाच तयार हाय की."

तयारच होता. वहीच्या शेजारी, तिच्या कोपराखाली. पाच पीस, पाच मापं, तिसरं थोडं इकडेतिकडे. फक्त सहीची जागा कोरी होती. दोन कागद शेजारी शेजारी होते आणि दोन्हींवर सही तिचीच हवी होती.

मारुतराव फोन हातात धरून आत आले. "घ्या, सायेब लाइनीवर हायेत. तुमीच बोला." त्यांनी स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला आणि विजयश्रीकडे बघून, नीट बोला, अशी मान हलवली.

"नमस्कार मॅडम, अनंत बोलतोय," आवाज शांत होता, मीटिंगमधून बाहेर येऊन बोलत असावा तसा. "काही अडचण आहे का? पोरगी तीन वेळा येऊन गेली."

"वहीत चाळीस दिवस आहेत, साहेब. ती अकरा दिवस आली."

"हो हो, मला कल्पना आहे. तिची फार धावपळ चालली होती. हे बघा मॅडम, एका सहीचा प्रश्न आहे. एक वर्ष वाया जाईल तिचं." ते जरा थांबले. "आणि तुमच्या सहीबद्दल आमच्याकडे काय मत आहे माहितीये? तुमचे रिपोर्ट आम्ही उघडूनसुद्धा बघत नाही. माल आला की थेट लाइनवर. एवढा विश्वास आहे."

सलोनीने एकदम वर पाहिलं. तिची नजर कोपराखालच्या कागदावर गेली आणि मग विजयश्रीच्या चेहऱ्यावर. मारुतरावांनी ते पाहिलं. ते फोनकडे हात नेत म्हणाले, "ताई, राहू द्या आता. आपण मागनं बोलू."

विजयश्रीने फोन अलगद स्वतःकडे ओढला.

"शेठ, मागनं बोलू म्हणत तीन वर्षं गेली," ती म्हणाली. मग फोनकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा ठेवून बोलली. "साहेब, सलोनीला मी अकरा दिवसांची सही देते. बाकीचे दिवस ती इथे येऊन करेल, तेव्हा त्यांचीही देईन. आणि आमचे रिपोर्ट यापुढे उघडून बघत जा. कितीतरी गाड्यांवर मी पीस न मोजता सही केलीय. आजपासून करणार नाही."