सरदारणीचं चिलखत

"अजून आवळ," नीवेस म्हणाली.

"आणि श्वास कुठून घेशील? कानातून?" ओरेस्तेनं चामडी पट्टा होता तिथेच अडकवला.

इटलीतल्या लुक्का शहराच्या तटबंदीबाहेर, गाडीच्या उघड्या डिकीपुढे नवराबायकोचं हे चाललं होतं. शेजारी कुणी पंख चिकटवत होतं, कुणी हरवलेली शेपटी शोधत होतं. आवडत्या पात्राचा वेष करून मिरवायच्या, चित्रकथांच्या जत्रेची सकाळ होती.

ओरेस्ते ब्रेशा शहरातला. त्यानं जन्मभर गाड्यांचे पोचे काढले. नीवेस शाळेत चित्रकला शिकवायची. लहानपणी साप्ताहिकातल्या चित्रकथेत वाचलेल्या एका सरदारणीचं वेड तिच्या डोक्यातून म्हातारपणीही उतरलं नव्हतं. त्या सरदारणीचं चिलखत आपल्याच चर्चमधल्या जुन्या भित्तिचित्रावरून काढलंय, असा तिचा ठाम दावा. म्हणून तिनं शिडीवर चढून ते चित्र कागदावर उतरवून घेतलं आणि ओरेस्तेनं दोन हिवाळे हातोडा चालवून ते पोलादात उतरवलं. तेव्हापासून दर शरदात ती मिरवायची, हा मागून चालायचा.

यंदा तिचे हात थरथरू लागले होते. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं. घरात ते कुणी उच्चारत नव्हतं. ओरेस्तेनं गुपचूप ॲल्युमिनियमचं हलकं चिलखत बनवलं, तर तिनं त्यावर टिचकी मारून पाहिली.

"पास्ता उकडायचं पातेलं आहे हे. मला माझं दे."

वेशीतून आत शिरल्यापासून ओरेस्तेचा जीव थाऱ्यावर नव्हता. गर्दीचा प्रत्येक धक्का त्याला आपल्याच बरगडीत लागत होता. "बसूया का जरा?" त्यानं तीनदा विचारलं.

"कोंबडीसारखा मागे मागे नाचू नकोस."

चौकातल्या पायऱ्यांपाशी ती आपणहून थांबली. भिंतीला हात टेकला. चेहरा पांढराफटक.

"काढ," ती म्हणाली. "सगळं."

त्यानं एकेक पट्टा सोडला. आत घातलेलं गादीदार जाकीट घामानं चिंब झालं होतं. पायऱ्यांवर पोलादाचा ढीग पडला.

"आता हे गाडीपर्यंत न्यायचं कसं?"

"अंगावर. चिलखत दुसरीकडे कुठे वाहतात?"

"मी? अगं, लोक हसतील!"

"हसू देत. हात वर कर."

छातीचं कवच त्याच्या पोटावर मिटेना. तिनं थरथरत्या बोटांनी पट्टा ओढला, चुकली, पुन्हा ओढला. त्यानं मदतीला हात पुढे केला नाही. शेवटी पट्टा बसला. तिनं शिरस्त्राण त्याच्या डोक्यावर चढवलं.

तेवढ्यात एक मुलगी मोबाइल पुढे करत धावत आली. "आजोबा, एक फोटो? काय भारी आहे हो!"

"मी नाही, खरी सरदारीण ही—"

मुलीनं घामेजल्या जाकिटातल्या म्हातारीकडे पाहिलं आणि ती बाजूला होण्याची अदबीनं वाट पाहत राहिली.

"उभा राहा नीट," नीवेस म्हणाली. "पोट आत घे. आणि दात काढू नकोस, ती कधी हसत नाही."

ती मागे सरली. शिरस्त्राणाच्या फटीतून ओरेस्तेला तेवढीच दिसत होती: दोन्ही हात काखेत घट्ट दाबून, मुलीच्या पाठीमागे उभी, चित्र बरोबर जमतंय का ते न्याहाळत.