रघुपतीरावांचं वाढतं वजन

रघुपतीराव मुतालिक सरकारी कारखान्यात मापं तपासणारे साहेब होते. इंचाचा हजारावा भाग चुकला तरी त्यांच्या हातून सुटायचा नाही. बासष्ट साली निवृत्त होऊन ते कानडी मुलखात, राजाजीनगरात राहायला आले, आणि वर्षाच्या आत त्यांना दम लागू लागला.

डॉक्टरांनी छाती तपासली, ‘हार्ट फेल्युअर’ असं निदान केलं आणि इंग्रजीत भराभर बजावलं: मीठ बंद, लघवीची गोळी रोज सकाळी, वजन रोज बघा, वाढलं तर लगेच कळवा. “समजलं?”

“परफेक्टली,” रघुपतीराव म्हणाले. समजलं नाही असं म्हणायची त्यांना सवयच नव्हती.

घरी त्यांनी बायकोला, कस्तुराबाईंना, सगळं उलगडून सांगितलं. “हार्टची शक्ती गेलीय. शक्ती परत आली की वजन वाढेल. वाढलं की डॉक्टरांना कळवायचं. त्यांनाही समाधान!”

रोज सकाळी जटका, म्हणजे घोडागाडी, करून ते सिटी स्टेशनवर जात, वजनाच्या यंत्रावर ताठ उभे राहत आणि आकडा वहीत टिपून घेत. पहिल्याच आठवड्यात चार पौंड घटले. रघुपतीरावांना धडकी भरली. गोळी घेतली की दिवसभर मोरीकडे पळावं लागतं, त्यातून शरीर झिजतंय, असा त्यांनी हिशोब मांडला आणि गोळी बंद केली. मिठाचा मात्र कडक बंदोबस्त ठेवला. भाजी अळणी, आमटी अळणी. ती घशाखाली उतरावी म्हणून पानात लिंबाचं लोणचं आणि दोन पापड. लोणचं म्हणजे काही मीठ नव्हे.

वजन चढू लागलं. तीन पौंड, पाच पौंड, आठ पौंड! त्यांनी बेळगावच्या भावाला कार्ड टाकलं. डॉक्टरांना सुरेख इंग्रजीत आभाराचं पत्र धाडलं, आकड्यांसकट. दवाखान्यातल्या कारकुनाने ते कौतुकाच्या पत्रांच्या फाइलीत लावून टाकलं.

“अहो, पायावर बोट दाबलं की खड्डा पडतोय,” कस्तुराबाई म्हणाल्या. “आणि तीन उशांशिवाय तुम्हाला झोप नाही.”

“अंग भरतंय माझं. तुला त्यातलं काय कळतं?”

वजन अकरा पौंड वाढल्याचं ऐकून मराठी मंडळाने त्यांना ‘साठीनंतरचं आरोग्य’ या विषयावर बोलायला बोलावलं. बूट पायात जाईनात, म्हणून ते चपला घालून गेले. “आरोग्य हे प्रथमतः…” एवढं बोलले आणि पुढचा शब्द छातीतच अडकला. ओठ निळे पडले. श्रोत्यांनी त्यांना खुर्चीसकट उचललं आणि टॅक्सीत घातलं.

इस्पितळात इंजेक्शनं झाली. तीन दिवसांत बारा पौंड उतरले. रघुपतीरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. “कमावलेलं सगळं गेलं हो!”

कावेरी नावाची नर्स उशी सारखी करत होती. निपाणीकडची, मराठी आणि कानडी दोन्ही भाषा बोलणारी. ती हसली. “अण्णा, ते मांस नव्हतं, पाणी होतं. हृदय दमलं की पाणी अंगात साठतं. पाय सुजतात, श्वास कोंडतो. मीठ ते पाणी धरून ठेवतं, गोळी बाहेर काढते. दोन दिवसांत तीन पौंड चढले की इकडे पळत यायचं. सरी, कळलं ना? आता तुम्ही मला सांगा बघू, काय करायचं?”

“माझी परीक्षा घेतेस?” रघुपतीराव ताडकन बोलले.

पलीकडून कस्तुराबाईंनी सगळं घडाघडा सांगितलं. वर विचारलं, “आणि लोणचं गं?”

“लोणचं, पापड, दोन्ही बंद, अक्का. मीठच ते.”

रघुपतीराव भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. कुणी हे आधी का सांगितलं नाही, म्हणून त्यांना राग आला होता. आपण विचारलं नाही, याचा राग त्याहून जास्त होता.

घरी लोणच्याची बरणी शेजारी गेली. गोळी कस्तुराबाई समोर उभं राहून देत. महिना, दोन महिने, सहा महिने गेले, श्वास नीट चालला. तपासणीच्या दिवशी ते दवाखान्याच्या बाकावर बसले होते. मल्लाप्पा नावाचे एक गृहस्थ खोलीतून बाहेर आले, चेहरा प्रसन्न, पाय भोपळ्यासारखे सुजलेले.

“काय म्हणाले डॉक्टर?” रघुपतीरावांनी विचारलं.

“खूप काही म्हणाले! फार हुशार माणूस.”

“पण तुम्हाला काय समजलं?”

“मला कशाला समजायला हवं?” मल्लाप्पा म्हणाले. “त्यांना समजलंय ना!”

रघुपतीराव बाकावर थोडे सरकले. “बसा इथं स्वल्प, जरा वेळ,” ते म्हणाले.