लाडाला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात

मैनाबाई ओट्याशी कोलंबी सोलत होत्या आणि शेजारच्या खोलीत त्यांची मुलगी रुचिता कुठल्याशा फ्रिजचं माहितीपत्रक इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये उतरवत होती. कित्येक वर्षं तिचं हेच काम. आईला तिच्या स्पॅनिशची कधी गरज पडली नव्हती. धाकट्या प्रणयने वॅलेन्सियात इनेसशी लग्न केलं आणि एकाएकी पडली.

"ऐक गो," आईने आतून हाक मारली. "सूनबाईला लिवायचंय, तू किहीमला ये, तुझे लाड करीन. तर फोन इंग्रजीत 'स्पॉयल' म्हणतो. प्रणय हसला. म्हणं, स्पॅनिश ताईकडून करून घे, न्हायतर तुझी सून नासेल."

रुचिताला हसू आलं नाही. 'स्पॉयल'साठीचे तिन्ही स्पॅनिश शब्द तिला ठाऊक होते. कोलंबी नासली, फ्रिज बिघडला की 'एस्त्रोपेआर'. लाडाने पोर वाया गेलं की 'माल्क्रिआर'. आणि काहीही न बिघडवता नुसते लाड करायचे असले की 'मिमार'.

"एवढे कसले लाड करणारेस?"

"डोक्याला तेल घालीन. काटे काढून मासा भरवीन. परकी पोर हाय, आईपासनं लांब."

"मला तर तेलाची बाटली हातात द्यायचीस."

"तुझे लाड केले असते, तर सासरी जड गेलं असतं तुला!" आई खुदकन हसली.

सासरी रुचिता कधी गेलीच नव्हती.

"उद्या सांगते. आज काम आहे," ती म्हणाली.

आई रात्री झोपली, ती उठलीच नाही.

बाराव्याला प्रणय इनेसला घेऊन आला. इनेस ओक्साबोक्शी रडत होती आणि शेजारच्या सत्यवतीकाकूंनी तिला कुशीत घेतलं होतं. रुचिताच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. ती पाहुण्यांना चहा देत फिरत होती. आई गेली ती माझी, आणि कूस मिळाली ती हिला, असं तिच्या मनात आलं. तिने कप जरा जोरातच ठेवला.

माणसं पांगल्यावर इनेस तिच्याजवळ आली. "आईंना मला काहीतरी लिहायचं होतं ना?" तिने स्पॅनिशमध्ये विचारलं. "तुझ्याकडून एक शब्द हवा होता, असं प्रणय म्हणाला. कुठला?"

'आठवत नाही' म्हटलं असतं, तर विचारायला कोण येणार होतं? आईचं शेवटचं मागणं तिच्या एकटीचं राहिलं असतं. एवढं तरी.

"मिमार," रुचिता म्हणाली. "तू ये, तुझे लाड करीन."

इनेसने तिला मिठीच मारली. "तुझे तर किती केले असतील!"

अशा वेळी 'हो' म्हणायचं असतं. इतकी वर्षं ती तसंच म्हणत आली होती. तिने तोंड उघडलं, पण 'हो' निघेना. मग इनेसच्या खांद्यावर हनुवटी टेकून, तिला अक्षरही कळणार नाही अशा मराठीत, ती मोठ्याने म्हणाली,

"आई, मलाही हवे होते गो ते लाड. खूप हवे होते."