सुनेच्या हातांचं मलम

सासूबाईंनी सुनेच्या हातातली मलमाची ट्यूब काढून घेतली आणि खिडकीपाशी नेऊन डोळ्यांजवळ धरली.

"तारीख कधीच उलटून गेलीय हिची."

"ह्यांचीच आहे. कपाटात सापडली," सून म्हणाली. तिच्या बोटांच्या बेचक्यांत लाल चट्टे उठले होते. पार्लरमध्ये दिवसभर गिऱ्हाइकांच्या केसांना रंग लावायचा. घाईगर्दीत हातमोजे राहूनच जायचे.

सासूबाईंनी चपला पायांत सरकवल्या.

"चल. विचारून नवीन घेऊ."

दोघी वाटेला लागल्या. मुलगा अपघातात गेल्यापासून घरात जेवढ्यास तेवढंच बोलणं उरलं होतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मात्र सासूबाई न चुकता सांगत, "एक नातवंड तरी मागे ठेवून जायचं होतं त्याने." सून तेव्हा पाणी आणायच्या निमित्ताने आत जाई.

औषधवाल्याने चट्टे निरखून पाहिले.

"चिरलंय कुठे? पाणी येतं?"

"नाही. खाज येते नुसती. पार्लरमध्ये केसांना रंग लावते मी."

"दुसरं काही औषध चालू?"

"नाही."

"गरोदर आहात का?"

सासूबाई बोलणार, तोच सून म्हणाली, "आता नाही."

औषधवाल्याने फळीवरून ट्यूब काढली. मग ती पुढे करून हलक्या आवाजात म्हणाला, "दिवसातून दोनदा, अगदी पातळ लावा. वर पट्टी बांधू नका. आठवड्यात उतरलं नाही, तर डॉक्टरांना दाखवा. आणि हातमोजे घातल्याशिवाय रंगाला हात लावायचा नाही."

घरी आल्यावर सुनेने हात धुऊन टिपून कोरडे केले. सासूबाई ट्यूब घेऊन समोर बसल्या. झाकण उघडायला त्यांना वेळ लागला.

"कधी झालं?"

"ते गेल्यावर चार-सहा दिवसांनी. घर माणसांनी भरलं होतं तेव्हा."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तुमचा मुलगा गेला होता. त्यात आणखी हे कसं सांगू?"

सासूबाईंनी बोटावर मलम घेतलं. एकेका बेचक्यात हळूहळू जिरवलं.

"त्याला ठाऊक होतं?"

सुनेने नकारार्थी मान हलवली. "रविवारी सांगणार होते मी त्यांना. निवांत."

बाहेर कुणाची तरी गाडी सुरू झाली, दूर गेली. सासूबाईंचं बोट तिच्या तळव्यावर तसंच थांबून राहिलं होतं.

"दुसरा हात आण, बाळा," त्या म्हणाल्या.