अंगणावरून गेलेली वायर

आमच्या अंगणात गालिचे झोडपायची लोखंडी चौकट आहे. तिच्यावर हिरव्या आणि तपकिरी रंगाचे इतके थर चढलेत की मूळ लोखंड शोधूनही सापडायचं नाही. दर वसंतात आमच्या इमारतीचे सेक्रेटरी नेआ, म्हणजे काका, झाहारेस्कू ती हिरवी रंगवतात, आणि आठवडा उलटायच्या आत समोरच्या इमारतीचे सेक्रेटरी नेआ पामफिल ती तपकिरी करून टाकतात. चौकट कुणाच्या हद्दीत, एवढाच काय तो वाद. दोघांनी उभं आयुष्य टेलिफोनच्या खांबांवर, एकाच टोळीत काढलं. पण या चौकटीपायी बोलणं तुटलं ते तुटलंच.

या दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये माझी नोकरी अडकली होती.

कारखान्याने आमचं नकाशांचं खातं बंद केल्यापासून मी घरीच होते. इटलीतल्या एका लाकडी जिने बनवणाऱ्या कंपनीला माझं काम आवडलं. त्यांची अट साधी होती: सोमवारी सकाळी पहिला नकाशा माझ्या घरून इंटरनेटवर आला पाहिजे. रोज सीडी घेऊन ट्रामने इंटरनेट कॅफे गाठणारी बाई त्यांना नको होती. आमच्या इमारतीत कॉम्प्युटरचं जाळं होतं, मीच ते सांभाळायचे, पण ते पोरांच्या मारामारीच्या खेळांपुरतं. इंटरनेट होतं समोरच्या इमारतीत. त्यांचं जाळं सांभाळणारा रेमुस ट्राम चालवतो. तो म्हणाला, "वायर आण, देतो. आमच्याकडे वापरून उरतं."

वायर न्यायची तर अंगणावरून, आणि त्याला दोन्ही सेक्रेटरी आडवे. "वीज पडेल," हे म्हणाले. "इमारतीची शोभा जाईल," ते म्हणाले. इतक्या वर्षांत दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि तेही माझ्याच मुळावर. शेवटी जिन्यात मीटिंग भरली. मी इतकी भांडले की झाहारेस्कूंना नमतं घ्यावं लागलं.

"एक रविवार देतो, वेतुरिया," ते म्हणाले. "सूर्य मावळेपर्यंत चाललं तर चाललं. नाहीतर वायर उतरवायची, आणि परत विषय काढायचा नाही."

रविवारी रेमुस मासेमारीचा गळ घेऊन त्याच्या गच्चीवर गेला. डॅन्यूबवर टाकतो तसा त्याने अंगणावरून गळ टाकला आणि त्याचं शिसं आमच्या गच्चीवर नेमकं माझ्या पायाशी येऊन पडलं. त्या दोऱ्याला बांधून वायर ओढली. मी खाली उतरले आणि जिन्याखालच्या पेटीत तिचं टोक खोचलं. आमच्या सगळ्या घरांच्या वायरी त्याच पेटीत येतात.

झालं, दोन्ही इमारती ठप्प. पेटीवरचे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकायला लागले. तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "कुणी काय तोडलंत रे?"

वायर काढली की सगळं सुरळीत. खोचली की परत बंद. रेमुसने टोकं नव्याने बसवली, तरी तेच. दुपार कलली. झाहारेस्कू पक्कड हातात घेऊन जिन्यात उभे होते आणि नाकाने कांदे सोलत होते. "मी सांगितलं होतं. यंत्रांनाही शेजार पसंत नाही."

मला रडू येत होतं, पण त्यांच्यासमोर कोण रडणार? मनात म्हटलं, आता हातानेच शोधायचं. नवी वायर खोचलेलीच ठेवली आणि पेटीतली एकेका घराची वायर उपसायला लागले. पहिला मजला काढला, काही नाही. दुसरा, काही नाही. चौथ्या मजल्यावरची एक वायर उपसली आणि दिवे शहाण्यासारखे शांत झाले. परत खोचली, परत थयथयाट.

ती वायर झाहारेस्कूंच्या घरची होती.

"नेआ झाहारेस्कू, तुमच्या घरात काय आहे?"

"काही नाही. बायको आजारी आहे, वर जायचं नाही."

वरून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "मी कुठे आजारी आहे? ये गं वेतुरिया, केक बनवलाय भोपळ्याचा."

मी जिना चढले. रेमुसही धापा टाकत अंगण ओलांडून आला. बैठकीत कॉम्प्युटर चालू होता. पडद्यावर फाशांचा डाव अर्ध्यात होता, दोन्हीकडच्या सोंगट्या मांडलेल्या. एका खेळाडूचं नाव होतं 'हिरवा', दुसऱ्याचं 'तपकिरी'. शेजारी एक छोटी पेटी होती. तिच्यातून एक वायर कॉम्प्युटरला, एक खाली जिन्याकडे आणि तिसरी बाल्कनीत. तिथून कपड्यांच्या दोरीला बेमालूम वेढे देत ती अंगणापार थेट पामफिलच्या बाल्कनीत गेली होती. खांबावर हयात घालवलेल्या माणसांचं काम ते, खालून कुणाच्या बापाला दिसणार नव्हतं.

रेमुस मटकन खुर्चीत बसला. "दोन वाटा झाल्या गं. निरोप या वायरीने जातो, त्या वायरीने परत येतो आणि गोल गोल फिरत बसतो. मग दुसऱ्या कुणाला वाटच मिळत नाही."

"म्हणजे आपली जाळी आधीच जोडलेली होती?"

"कधीचीच. मी आमच्या घरांना वेगळे नंबर दिले, तू वेगळे, म्हणून एकमेकांना दिसलो नाही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी झाहारेस्कूंकडे पाहिलं.

"पलीकडच्याने दोरी फेकली," ते पुटपुटले. "कुणाच्या डोक्यात पडू नये म्हणून मी बांधली."

"आणि हा डाव?"

"खेळतो. बोलत नाही."

सूर्य गच्चीच्या कठड्याला टेकला होता. त्यांनी मान खाली घालून पक्कड माझ्यापुढे धरली. "एक वायर जायला हवी ना? माझीच काप. शोभा झालीच आहे."

तेवढ्यात समोरच्या बाल्कनीतून गर्जना झाली. "झाहारेस्कू, ती वायर तोडलीस तर याद राख. मी जिंकतोय."

झाहारेस्कूंचा चेहरा असा काही उजळला की काय सांगू! ते कठड्याशी धावले. "तू जिंकतोस? आधी फासे बघ, मग बोल."

इतक्या वर्षांनी पहिलं बोलणं, ते हे. खाली बाकांवर बसलेले सगळे वर पाहत होते.

मी पक्कड घेतली. "मीटिंगमध्ये ठरलंय," मी मोठ्याने म्हटलं, म्हणजे दोन्ही इमारतींना ऐकू जावं. "नवी वायर उतरवायची. उतरवते."

आणि उतरवली. इतका नेमका टाकलेला गळ वाया गेला, याची तेवढी रेमुसला हळहळ वाटली. मग माझ्या कॉम्प्युटरवर त्याने त्यांच्याकडचा एक नंबर आणि त्यांच्या इंटरनेटच्या दाराचा पत्ता भरला, आणि माझा गोल जिना दोन भांडखोर म्हाताऱ्यांच्या कपड्यांच्या दोरीवरून इटलीला निघाला. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत टोकाला पोहोचली. गेला! मी बाल्कनीत येऊन अशी ओरडले की चौकटीवर बसलेली कबुतरं उडाली. सकाळी इटलीचं उत्तर आलं, काम माझं.

यंदा चौकट कुणी रंगवली नाही, दोघांना सवडच नाही. फक्त माझे नकाशे जड पडतात आणि त्यांचे फासे मध्येच अडतात.

"वेतुरिया," झाहारेस्कू बाल्कनीतून ओरडतात, "तुझा जिना माझ्या फाशांवर बसलाय. काढ आधी."

"डाव संपवा, मग काढते."

"पाठव गं, पाठव तू," पलीकडून पामफिल म्हणतात. "तसाही हरतोय तो."