सराव

विशाखानं शिवराजच्या हनुवटीवरून ओघळलेली लाळ पुसली, रुमालाची कोरडी बाजू वर केली आणि ती पुन्हा त्याच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिली. वाळूजच्या कारखान्यात काम करतानाच तिच्या नवऱ्याला लकवा मारला, त्याला आता सहा-सात महिने होत आले होते. पाय सावरले होते. वाचा मात्र गेली ती गेलीच. ती परत यावी म्हणून स्पीच थेरपिस्ट उजमा दर शनिवारी शहागंजातून स्कूटीवर यायची.

"घरी रोज सराव होतो ना, भाभी?" उजमानं विचारलं.

"होतो की."

"होतो म्हंजे!" पलंगावरून सासूबाई, मनकर्णाबाई बोलल्या. "दार लावून घंटाभर बसती त्याच्यापाशी. लई जीव हाय तिचा."

विशाखानं रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

उजमानं तिला पुढं बोलावलं. "भाऊ, या कोण?"

शिवराजच्या मानेची शीर ताठ झाली. "वि…" ओठ थरथरले. "विशा!"

"चुकलं माझं," विशाखा म्हणाली.

तोंडातून निघून गेल्यावर ते तिच्या कानांवर पडलं. मनकर्णाबाई लेकाच्या गालावरून हात फिरवत रडत होत्या, त्यांना ऐकूच आलं नाही. उजमाच्या टाळ्या मात्र अर्ध्यावर थांबल्या. शिवराजचं हसूही.

विशाखा चहाचं निमित्त काढून आत गेली. मागोमाग उजमा आली.

"काय चुकलं, भाभी?"

विशाखानं गॅस पेटवला, पण भांडं ठेवलं नाही.

"मी सराव घेत नाही."

"वेळ मिळत नसेल."

"वेळ असतो. दार लावते, समोर बसते. ते माझ्या तोंडाकडं बघत राहतात, आता शिकवीन म्हणून. मी गप्प बसते." ती थांबली. "बारा वर्षांत एक दिवस असा गेला नाही, की त्यांनी चारचौघांत माझी अक्कल काढली नाही. मला वाटायचं, सेवा करून दमलेय, म्हणून होत नाही माझ्याच्यानं. तसं नाही. त्यांनी बोलूच नये, असं वाटतं मला."

आपण हे मोठ्यानं बोललो, याची तिला भीती वाटली. उजमानं हात लांब करून गॅस बंद केला.

"त्यांना बोलायचंय, भाभी."

"माहितीय."

उजमाला सोडायला मनकर्णाबाई बाहेर गेल्या, तसं विशाखानं दार लावलं. शिवराजसमोर बसली.

"इतके दिवस मी तुम्हाला मुद्दाम शिकवलं नाही," ती म्हणाली. "तुम्हालाही ते कळत होतं. उद्यापासून शिकवीन. पण पूर्वीसारखं बोललात, तर मी जाईन. माहेरी नाही, कुठंही. पण जाईन."

शिवराजचा चेहरा लाल झाला. मूठ खुर्चीच्या हातावर आपटली, एकदा, मग सैल झाली. डोळे भरून आले. ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. आत काहीतरी जुळवाजुळव चालली होती.

"विशाखा, पेढे आणाया कोण जातंय गं?" मनकर्णाबाईंनी बाहेरून दार वाजवलं.

"थांबा जरा," विशाखा म्हणाली.

त्याच्या तोंडून शिवी येईल की आणखी काही, तिला ठाऊक नव्हतं. ती उठली नाही.