उघड्या चोची

धरमपेठेतल्या प्रदर्शनात मोनालीच्या फोटोसमोरची गर्दी हटत नव्हती. घरट्यातली बुलबुलाची पिल्लं, चोची आभाळाकडे वासलेल्या. "आईची वाट पाहून राहिली बिचारी," जो तो म्हणत होता. बिचारी म्हणायला कोणाचं काय जातं. मोनाली नुसती मान डोलावत होती.

फोटो सावनेरजवळच्या बोरीच्या झुडपातला. घरट्यावर दाट फांदीची सावली होती. फोटोग्राफी शिकवणारे भैय्याजी म्हणाले होते, "काप ते फांदी. उजेड आला पाहिजे." तिने कापली. मे महिन्याचं ऊन थेट घरट्यात उतरलं, तशा पिल्लांनी चोची वासल्या. आई किडा घेऊन आली, पण माणसं पाहून लांब तारेवरच बसली. मोनालीने कॅमेरा आवरला तेव्हा पिल्लांच्या माना लुळ्या पडल्या होत्या.

सत्काराचं श्रीफळ हातात घेऊन ती भैय्याजींजवळ गेली. हळूच म्हणाली, "सर, पिल्लं भुकेनं नव्हती तशी. उन्हानं धापा टाकत होती."

"मले काय सांगतं वं," भैय्याजी फोटोवरची नजर न काढता म्हणाले. "भुकेलं पिल्लू घास भेटला का चोच मिटते, उन्हातलं नाही मिटत. म्हणून तं फांदी कापाले लावली."